ब तुकडीची लेझीम

"सर, आज पीटीचा तास आहे," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं.

कवठेकर सर फळ्याकडे तोंड करून उभे होते. ते वळलेसुद्धा नाहीत. त्यांनी डस्टरनं कोपऱ्यातली 'शा. शि.' ही अक्षरं पुसली, तिथं 'गणित' असं लिहिलं आणि म्हणाले, "पीटीनं स्कॉलरशिप मिळत असेल तर हात वर करा."

हात कोण वर करणार? आम्ही सातवी अ. तालुक्यातली निवडक डोकी एका माडीवर आणून ठेवलेली. आमचे चित्रकलेचे तास भूमितीत गेले होते, गाण्याचे तास इंग्रजीत गेले होते आणि पीटीचे तास कवठेकर सरांनी पहिल्याच आठवड्यात गिळले होते. आम्ही वह्या उघडल्या.

तेवढ्यात खाली मैदानावर हलगी कडाडली आणि पाठोपाठ लेझमांचा छणछणाट सुरू झाला. ती ब तुकडी होती.

ब तुकडीची गंमत सांगायलाच हवी. गावोगावच्या एकशिक्षकी शाळांतून आलेली, कमी मार्कांची, मास्तरांच्या भाषेत 'ढ' पोरं म्हणजे ब. त्यांना शिकवून काय उजेड पडणार, असं मास्तर मंडळी उघड म्हणायची. म्हणून त्यांचा चित्रकलेचा तास चित्रकलेलाच जायचा आणि पीटीचा पीटीला. वर त्यांचे मास्तर जादा तास घ्यायला आमच्याकडे माडीवर आले, की त्या रिकाम्या तासालाही पीटीचे भोइटे सर त्यांना मैदानावर काढायचे. शिक्षा त्यांना होती आणि चैनही त्यांचीच होती. मी खिडकीजवळ बसायचे. माणगंगेच्या काठचं आमचं कोरडं गाव. मैदानावर धुरळा उठायचा आणि त्या धुरळ्यात सगळ्यांच्या पुढं दोन वेण्या उडवत लेझीम खेळताना दिसायची ती शालन.

शालन जगदाळे, माझी मावसबहीण. तिच्या वाडीत पाचवीच्या पुढं शाळा नव्हती, म्हणून मावशीनं तिला आमच्याकडे ठेवलं होतं. माझ्याहून चार-सहा महिन्यांनी मोठी. ती आली तेव्हा आईनं मला बजावलं होतं, "हेमे, तिला लागंल असं काही बोलू नकोस. तू पहिल्या नंबरची, ती बिचारी ब मधली. तिच्या मनात येत असणार." आईला काय ठाऊक, कुणाच्या मनात काय येत होतं ते!

शालन शाळेतून यायची ती घामेजलेली, लाल झालेली आणि वाघासारखी भुकेली. दप्तर कोपऱ्यात, पाय धुतले न धुतले की चुलीपुढं. तीन भाकरी खायची. मला अर्धी जड व्हायची. माझं संध्याकाळी कपाळ दुखायचं, तेव्हाच चष्माही लागला होता. तिला पाठ टेकली की झोप. मी मात्र डोळे मिटले की दशांश अपूर्णांक मोजायचे.

तरी हे सगळं मी चालवून घेतलं असतं. मला जे सोसवत नव्हतं ते वेगळंच होतं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, एसटी डेपोत वाहतूक नियंत्रक होते. दिवसभर माइकवर "गाडी फलाटावर लागत आहे" असं ओरडून घसा इतका शिणलेला, की घरी आल्यावर ते बोलायचे नाहीत. पाहुणे आले की मात्र मला हाक मारायचे. "ही आमची हेमा. पहिला नंबर सोडत नाही. हेमा, सतरा एकोणीसं किती?"

"तीनशे तेवीस."

"वा, वा!" पाहुणे म्हणायचे, अण्णा समाधानानं मान हलवायचे आणि माझं काम संपायचं.

मग कुणीतरी सहज म्हणायचं, "आणि ही कोण?" की शालन स्वयंपाकघरातून चिमटा घेऊन बाहेर. चिमट्याची लेझीम करून ती भोइटे सरांची नक्कल करायची. "आरं ए गुळाच्या ढेपा, कमरंत वाक की! तुझ्या आज्ज्याचं लगीन हाय का, हळूहळू चालतुयास?" अण्णा हसायचे. साधंसुधं नाही, खांद्यावरच्या टॉवेलनं डोळे पुसेपर्यंत हसायचे. "पुरे गं पोरी, पोट दुखलं," म्हणायचे आणि तिच्या पाठीवर थाप मारायचे.

माझा अण्णांना अभिमान होता हे मला माहीत होतं. पण मला बघून ते एकदाही तसे हसले नव्हते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा. शालनला यातलं काही कळायचं नाही, याचा तर मला जास्तच राग यायचा.

एक दिवस मी धीर करून भोइटे सरांना मैदानाच्या कडेला गाठलं. बुटके, काळेसावळे, गळ्यात हलगी अडकवलेले.

"सर, मला घ्याल लेझीममध्ये?"

त्यांनी माझ्याकडे वरून खाली पाहिलं. "अ ची न्हवं तू? फडत्र्यांची?"

"हो."

"बाई गं, तुला घेतलं तर कवठेकर गुरुजी मला कच्चा खातील. तू तुजी स्कॉलरशिप बग. हितं ब चीच पोरं."

हितं ब चीच पोरं. तो सगळा दिवस माझ्या डोक्यात तेच घुमत राहिलं. आणि त्या दिवशी पहिल्या नंबरच्या डोक्यातून जे निघालं ते ब मधल्या कुणाच्याही डोक्यातून कधी निघालं नसतं.

आमच्या शाळेत एक रीत होती. सहामाहीच्या निकालावर अ मधली रेषेखाली गेलेली पोरं ब मध्ये 'उतरायची' आणि जितकी उतरली तितकी ब मधली वरच्या नंबरांची पोरं अ मध्ये 'चढायची'. अ ची बाकं मोजकी, त्यामुळं एक उतरला तरच एक चढणार. दिवाळीची सुट्टी संपली, की पहिल्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडसर ती नावं सगळ्या शाळेसमोर वाचायचे. उतरणाऱ्यांच्या घरी त्या दिवशी सुतक असायचं.

मी उतरायचं ठरवलं.

चुकीचं उत्तर लिहिणं सोपं असतं असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी अभ्यास केलेला नसतो. मला आधी बरोबर उत्तर यायचं. ते डोळ्यासमोर तसंच उभं राहायचं, हटायचं नाही. मग मी त्यात एक मिळवायचे आणि लिहायचे. गणिताचा सगळा पेपर मी असा एकेक मिळवत सोडवला. इतिहासात राजांची बापलेकांची अदलाबदल केली. भूगोलात नद्या उलट्या वाहवल्या. पेपर देऊन बाहेर आले तेव्हा खोटं कशाला बोलू, मजा वाटत होती. सहा वर्षं बरोबर लिहून जी मिळाली नव्हती ती.

सुट्टी संपली. प्रार्थना झाली. हेडसरांनी चष्मा लावला.

"सातवी अ मधून ब मध्ये. या वेळी एकच नाव आहे. हेमलता फडतरे."

दुसऱ्या नंबरच्या पोरीचा हात तोंडावर गेला. मी मान खाली घातली, कारण मला हसू येत होतं.

"सातवी ब मधून अ मध्ये. शालन जगदाळे."

माझं हसू तिथंच विरलं. कुणीतरी चढणार हे मला ठाऊक होतं. पण ते कोण, याचा विचार मी केलाच नव्हता. शालन ब मध्ये पहिली आली होती. वाडीच्या शाळेतून उशिरा आली म्हणून ती ब मध्ये पडलेली, ढ ती कधीच नव्हती. फक्त आमच्या घरात एक हुशार आधीच होती, त्यामुळं तिचे मार्क कुणी विचारलेच नव्हते.

"आरं देवा," भोइटे सर मागं उभे होते, ते मोठ्यानं म्हणाले. "माजी म्होरकी गेली की!"

शालन माझ्याकडे बघत होती. तिला रडू येत होतं की काय होत होतं कळत नव्हतं. कवठेकर सरांनी तिला खूण केली आणि ती माडीच्या पायऱ्या चढून गेली.

घरी अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी निकाल हातात घेतला, बराच वेळ बघितला आणि परत दिला. "होतं असं कधी कधी," म्हणाले आणि न जेवता डेपोत निघून गेले. आई मात्र बोलली. "दृष्ट लागली पोरीला," म्हणाली आणि मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या.

दुसऱ्या दिवशी मला लेझीम मिळाली. लाकडी दांडा, त्याला लोखंडी साखळी, साखळीत पातळ चकत्या. दुरून ती खुळखुळ्यासारखी वाटायची. हातात घेतली तर मनगट लवलं. पहिल्याच झटक्याला साखळीत बोट चिमटलं. भोइटे सरांनी हलगीवर टिपरी मारली, "एक, दोन, तीन, चार!" आणि सगळी रांग पुढं गेली. मी एकटी मागं राहिले. ती मागं आली तेव्हा मी पुढं निघाले होते. दोघी-तिघींवर आदळले.

"आगं, काय करतीस?"

"मोजतेय, सर."

"मोजू नगंस! लेझीम हाय ती, गणित न्हाई. आंगात येऊ दे."

माझ्या अंगात काही येईना. इतकी वर्षं बाकावर बसून माझं अंग म्हणजे डोकं इकडून तिकडं न्यायचं गाठोडं झालं होतं. डावा पाय म्हटलं की आधी डावा कोणता ते आठवावं लागायचं, तोवर रांग उजव्यावर गेलेली असायची. हाताला फोड आले. ब च्या पोरी हसायच्या, पण वाईट हसायच्या नाहीत. "शालनच्या जागी तुला घेतलीया व्हय?" असं मात्र रोज कुणीतरी विचारायचं. मी काय सांगणार?

तरीही, आठवडाभरात एक गोष्ट झाली. संध्याकाळी मला भूक लागली. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि तिसरी मागितली. आई बघतच राहिली.

पण हे सुख मला पुरतं घेता आलं नाही, कारण घरात भलतंच सुरू झालं होतं. शालन अ मध्ये गेली म्हटल्यावर तिला मागचा अभ्यास भरून काढायला कुणीतरी हवं होतं. रोज संध्याकाळी अण्णा तिला घेऊन बसायला लागले. ज्या माणसाला घरी बोलायचा कंटाळा होता तो माणूस तिला अपूर्णांक समजावून सांगत होता. भाकरीचे तुकडे करून! "हे बघ शालन, चतकोर आणि चतकोर मिळून काय झालं?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून बघायचे. मला अपूर्णांक कुणी असे शिकवले नव्हते. मला ते आपले आपण आले होते, आणि येतात म्हणून कुणी जवळ बसलं नव्हतं.

आता तिला अण्णांचं हसू होतंच, वर त्यांचा अभिमानही जाणार होता. माझ्याकडे राहिले फोड आलेले हात. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती राहिलं धुपाटणं. आणि ते मीच मागून घेतलेलं.

फक्त एक होतं. अण्णा तिला शिकवायचे, पण आता हसत नव्हते. शालनही नक्कल करत नव्हती. ती अर्धी भाकरी खायला लागली होती.

एकदा परसात भांडी घासताना ती म्हणाली, "हेमे, वर तुला कसं करमायचं गं? नुसतं बसायचं, बसायचं, बसायचं. पायाला मुंग्या येत्यात. खाली हलगी वाजली की माजं काळीज तिकडं जातंय, आन् कवठेकर सर म्हणत्यात, 'जगदाळे, खिडकी बंद कर.'"

"मग करायची."

"केली. तरी ऐकू येतंय." तिनं राखेनं पातेलं घासलं. "सव्वीस जानेवारीला तहसील कचेरीपुढं लेझमीत म्होरं कोण राहणार हाय?"

"मी राहीन," मी म्हणाले.

कितीतरी दिवसांनी शालन हसली. अगदी मोकळं हसली. "तू? तुला तर लेझमीचा पहिला डाव, चार आवाजाचा, तो पन येईना अजून!" मग माझं तोंड बघून म्हणाली, "आगं, येतंय ते. मी शिकवते तुला. हितंच, परसात. हात बघू." तिनं राखेचे हात पुसून माझं मनगट धरलं. तिच्या मनात माझ्याविषयी काही म्हणजे काहीच नव्हतं. मी तिची जागा घेतली होती, तिचा श्वास कोंडला होता, आणि ती मला शिकवायला निघाली होती. माझ्यासारख्या जळकुट्या माणसाला असा चांगुलपणा सोसवत नाही. मी हात सोडवून घेतला.

डिसेंबर सरत आला तेव्हा हेडसरांनी मला ऑफिसात बोलावलं. आत अण्णा उभे होते, डेपोच्या खाकी कपड्यांतच आलेले. कवठेकर सर खुर्चीत ताठ बसले होते. शालन दाराजवळ भिंतीला टेकून उभी होती.

"फडतरे," कवठेकर सर म्हणाले, "तुझा सहामाहीचा पेपर मी पुन्हा पाहिला. प्रत्येक उत्तर बरोबर उत्तरापेक्षा एकानं जास्त. प्रत्येक! ढ मुलं अशी शिस्तीत चुकत नाहीत." त्यांनी एक प्रश्नपत्रिका माझ्यापुढं सरकवली. "बस. आता इथं माझ्यासमोर सोडव. नीट सोडवलीस तर उद्यापासून तू तुझ्या जागेवर आणि जगदाळे तिच्या जागेवर."

मी प्रश्न पाहिले. सगळी उत्तरं दिसत होती. दारातून शालन माझ्याकडे इतक्या आशेनं बघत होती, की मला तिकडे बघवेना. नीट लिहिलं की तिला मैदान परत. आणि मला खिडकी. जन्मभर खिडकी.

मी पेन खाली ठेवलं.

"येतं मला सगळं. पण मी लिहिणार नाही."

"का?"

"लिहिलं की तुम्ही मला वर न्याल. मी मुद्दाम चुकीचे लिहिले होते पेपर."

हेडसर पुढं झुकले. "मुद्दाम? कशासाठी गं?"

"लेझीमसाठी."

अण्णा म्हणाले, "लेझीमसाठी? मग मला सांगायचंस की, हेमा."

"कधी सांगू?" मला वाटलं नव्हतं एवढा माझा आवाज चढला. "तुम्ही शालनशी हसता. तिच्याशी बोलता. माझ्याशी फक्त पाढे बोलता."

अण्णांनी टोपी काढून हातात घेतली आणि तिची कड चाचपत राहिले.

"हे तुझ्या डोक्यातलं नाही," कवठेकर सर एकदम उठले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "भोइट्यानं शिकवलं ना तुला? सांग! माझी पोरं फोडायची हाच उद्योग आहे त्याचा. मी वर घसा फोडून शिकवायचं आणि याची हलगी वाजली की सगळी डोकी खिडकीकडे! इतकी वर्षं झाली, माझ्या पोरांनी स्कॉलरशिपा आणल्या, पण सुट्टीत एक पोरगं माझ्यामागं पळत आलं नाही. आणि त्या भोइट्याची हलगी कुणी धरायची यावरून पोरांत मारामाऱ्या!"

बोलून गेले आणि परत खुर्चीत बसले. हेडसर कागदांशी चाळा करू लागले. मला मात्र सरांची भीतीच वाटेनाशी झाली. गणित, स्कॉलरशिप, शिस्त, हे सगळं वरवरचं होतं. हा माणूस माझ्यासारखाच त्या खिडकीतून खाली बघून जळत होता. आमचा पीटीचा तास रोज पुसताना त्यांना आपल्याकडून ती हलगीच पुसायची होती.

"सर," मी म्हणाले, "भोइटे सरांचा आवाज धुळीनं बसलाय. हलगीही तेच वाजवतात आणि आकडेही तेच म्हणतात. मागच्या रांगेला ऐकूच येत नाही. तुमचा आवाज अख्ख्या शाळेला ऐकू येतो. तुम्ही म्हणाल का आकडे?"

"मी? लेझीमचे?"

"एक ते आठच आहेत."

हेडसरांच्या तोंडून हसू फुटलं आणि त्यांनी ते खोकल्यात घातलं. "कल्पना वाईट नाही. कवठेकर, सव्वीस जानेवारीपर्यंत अ आणि ब, दोघांचा पीटीचा तास मैदानावर. एकत्र. कोण कुठल्या तुकडीत ते मागाहून बघू."

"आणि माझा तास?" कवठेकर सरांनी विचारलं.

"तो तुमचा नव्हताच, कवठेकर."

दारातून शालन कधीच पळाली होती. पायऱ्यांवरून तिच्या धावण्याचा आवाज आला आणि पाठोपाठ "सर, सर, अ पन येणार हाय!" असं ओरडणं.

त्याच दिवशी शेवटच्या तासाला आम्ही सगळे खाली उतरलो. अ ची पोरं बिचकत बिचकत मैदानाच्या कडेला उभी राहिली. लेझमा पुरणार नव्हत्या, म्हणून निम्म्यांच्या हातात नुसत्या पट्ट्या. मला त्यांचाही राग आला. पहिला नंबर घालवून, मीठ-मोहऱ्या उतरवून घेऊन, फोड सोसून मी जे मिळवलं ते या लोकांना चक्क फुकटात मिळत होतं! पण राग फार वेळ टिकवायला सवड नव्हती. भोइटे सरांनी हलगी उचलली होती.

शालन पुढं, आपल्या जागी. मी शेवटच्या रांगेत.

कवठेकर सर धोतराचा सोगा खोचून मधोमध उभे राहिले. सुरुवातीला त्यांनी आकडे पाढ्यांसारखे म्हटले, छडीच्या चालीवर. "एऽक! दोऽन!" अ ची पोरं सवयीनं सावधान झाली. भोइटे सर बसक्या आवाजात म्हणाले, "गुरुजी, जरा सैल सोडा." तिसऱ्या फेरीला सरांचा आवाज हलगीला लागला. मग तो असा काही लागला, की बाजारपेठेतून माणसं कुंपणाशी येऊन उभी राहिली. सरांची मान हलत होती. त्यांना ते ठाऊक नसावं.

"पुढं फलांग!" भोइटे सर ओरडले.

सगळी रांग पुढं झेपावली. मी मागं झेपावले. लेझमीची साखळी माझ्याच वेणीच्या रिबिनीत अडकली. ती सोडवायला गेले तर चष्मा नाकावरून लोंबकळला, आणि मी एका हातानं चष्मा, एका हातानं वेणी धरून, रांग परत येत असताना तिच्या मधोमध गरगर फिरले.

कुंपणाकडून हसणं ऐकू आलं. मी ते कुठंही ओळखलं असतं. अण्णा ड्युटीवर परत गेले नव्हते. फाटकाला धरून उभे होते आणि हसत होते. टॉवेल नव्हता म्हणून टोपीनं डोळे पुसत होते. "अगं, अगं हेमे!" त्यांना बोलता येत नव्हतं. "अगं, काय हे! पोट दुखलं पोरी!"

मला किती बरं वाटलं ते सांगता यायचं नाही. दीड वर्ष मी ज्याच्यासाठी जळले ते माझं होतं. सगळंच्या सगळं, माझ्यासाठी.

आणि तेव्हाच पुढच्या रांगेत कुणाची तरी लेझीम एकटीच छणकली. भलत्याच वेळी, सगळे थांबलेले असताना.

शालनचं पाऊल चुकलं होतं.

ती अण्णांकडे बघत होती. हसत नव्हती. आमच्या घरात आई माझी होती, अण्णा माझे होते, घर माझं होतं, अंथरूणसुद्धा माझंच आणि तिच्यासाठी अर्धं केलेलं. तिच्या वाट्याचं म्हणून त्या घरात एकच होतं, अण्णांचं हसणं. चिमटा घेऊन, नकला करून, दुसऱ्याच्या घरात ते तिनं कमावलं होतं. तिला कधी हेवा वाटत नाही असं मी दीड वर्ष समजत आले होते. त्या चेहऱ्यावर काय होतं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी रिबीन ओढून तोडली आणि रांग सोडून पुढं गेले. तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"तुजी जागा मागं हाय," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"मागं मला येत नाही. बघून बघून करीन."

"माजं बघून? माजं आत्ता चुकलं की."

"चुकू दे."

लेझीम डाव्या हातातून उजव्या हातात घेऊन तिनं माझ्यासाठी वीतभर जागा केली.

"फडतरे!" कवठेकर सरांचा आवाज मैदानभर घुमला. "जागेवर जा!"

मी गेले नाही. हलगी पुन्हा सुरू झाली.